वाणात दिलेलं चूर्ण

शकूच्या बाराव्याला पहिली पंगत उठली आणि नयना खटावकर माझ्याशेजारी येऊन बसली. फिकी सुती साडी, गळ्यात एकच बारीक साखळी, डोळ्याला रुमाल. माझा हात हातात घेतला आणि माजघरातल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली,

"रत्नाताई, फार वाईट झालं हो. पण खरं सांगू का? शकुंतलाताईंनी पथ्य पाळलं नाही. माझ्यासमोर हो हो म्हणायच्या आणि घरी जाऊन चोरून खायच्या. मग औषध तरी काय करणार?"

एकीनं सुस्कारा सोडला. दुसरी पुटपुटली, "खाण्यावर ताबा पाहिजे बाई." शकूचा नवरा अण्णासाहेब दारातच उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं. वाटलं, हा तरी काही बोलेल. त्यानं खाली बघत नुसती मान हलवली, म्हणजे खरं आहे म्हणून.

माझी पाठची बहीण गेली होती, आणि तिच्याच घरात, तिच्याच बाराव्याचं जेवून ही बाई तिला चोर ठरवत होती. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मी माझा हात सोडवून घेतला.

"मॅडम, हे शब्द तुम्हाला एक दिवस स्वतःच्या तोंडानं परत घ्यावे लागतील."

"दुःखात माणूस काहीही बोलतं," ती बायकांकडे वळून म्हणाली. "मी मनावर घेत नाही."

मी मात्र घेतलं होतं. पंधरा-सोळा वर्षं झाली त्याला, पण तिचा तो रुमाल अजून डोळ्यांपुढे आहे. कोरडा ठणठणीत होता.

जयसिंगपुरात तेव्हा नयना खटावकरला न ओळखणारी बाई सापडली नसती. दर गुरुवारी तिच्या बंगल्याच्या हॉलमध्ये बायका जमायच्या. मध्यभागी वजनकाटा. एकेकीनं त्यावर उभं राहायचं, मागच्या आठवड्यापेक्षा काटा खाली आला की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, आणि वर गेला तर मॅडम नुसतं "अरेरे" म्हणायच्या. त्या एका अरेरेनं बाई आठवडाभर तोंड लपवायची. आणि मग प्रत्येकीच्या पिशवीत हिरव्या झाकणाचा एक डबा. सडपातळ चूर्ण. मेथी, जिरं, ओवा, हिरडा, बेहडा, आवळा. निव्वळ नैसर्गिक, अपाय काही नाही, असं वर छापलेलं.

त्यात काय आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. माझं मिरची-मसाल्याचं कांडप आहे, आणि हे सगळं सामान ती माझ्याकडेच कुटायला पाठवायची. त्या पुडीनं कुणाचं काही बिघडलं नसतं. फार तर पोट साफ झालं असतं.

शकू तिच्याकडे गेली ती मुलाच्या लग्नाचा अल्बम बघून. माझ्याकडे तो अल्बम घेऊन आली आणि एका फोटोवर बोट ठेवलं.

"अक्का, मी वरमाई आहे गं. आणि कणगी दिसते."

"दिसू दे. कणगी भरलेली असते. रिकाम्या कणगीकडे कोण बघतंय?"

हसली. खूप हसायची शकू, हसली की तिचं सगळं अंग हसायचं. पण पुढच्या गुरुवारी जाऊन काट्यावर उभी राहिली.

आणि काय सांगू, अंग झडायलाच लागलं तिचं. ब्लाउज ढगळ झाले, बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. गुरुवारी टाळ्याच टाळ्या. मॅडमनी तिला सगळ्यांच्या पुढं उभं केलं आणि म्हणाल्या, बघा, इच्छाशक्ती म्हणतात ती ही. शकू हरखून गेली होती. मलाही सुरुवातीला बरंच वाटलं. मग एक दिवस ती कांडपावर आली, मी चहा दिला, तर अर्धा चहा बशीत सांडला तिनं. हात थरथरत होते. पंख्याखाली बसून घाम.

"शकू, हे बरं नाही. बंद कर ते."

"मॅडम म्हणतात, अंगातलं विष बाहेर पडतंय. आत्ता सोडलं तर दुप्पट वाढेल. उलट दिवसातून तीनदा घ्या म्हणाल्या."

"छाती?"

"धडधडते थोडी. आणि अक्का, भूक लागते गं. भयंकर लागते. रात्री भुकेनं जाग येते. पण मी खात नाही. अर्धी भाकरी आणि ताक, बस."

तिच्या पिशवीतला डबा काढून मी पूड बोटावर घेतली. माझ्या कांडपातून जायची ती गडद, तपकिरी. ही फिकी होती, आणि मध्येमध्ये पांढरी कणी. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना फोन करून विचारलं. म्हणाल्या, "हिमालयातली एक मुळी घालते मी वरून. ते माझं गुपित आहे, रत्नाताई." आणि गोड हसल्या.

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी शकू भाकरी थापता थापता परातीवरच कलली. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, काय घेत होत्या? मी सांगितलं. वजन झरझर उतरलं, घाम, थरथर, धडधड, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "थायरॉईडच्या गोळ्या पोटात जास्त गेल्या की असंच होतं. माझा अंदाज आहे, ठाम सांगता येणार नाही. तो डबा घेऊन या, तपासायला पाठवू."

डबा कुठला आणू? रक्षाविसर्जनाला घरातले सगळे नदीवर गेले, तेव्हा मॅडम मदतीला म्हणून शकूच्या स्वयंपाकघरात आल्या होत्या. भांडी घासली, फडताळ आवरलं. शेजारणी कौतुक करत होत्या, एवढी मोठी बाई पण किती साधी म्हणून. मी संध्याकाळी फडताळ उघडलं तर आत एकही हिरवं झाकण नव्हतं.

मी अण्णासाहेबाला म्हटलं, तक्रार करू.

"बाई गेली माझी, अक्का. आता गावात तमाशा नको. आणि तिचंही चुकलंच की थोडं."

"काय चुकलं?"

तो उठून गेला.

म्हणजे पुरावा गेला, दुसरीच्या डब्यावरून शकूच्या डब्यात काय होतं ते सिद्ध झालं नसतं, आणि नवराही तिच्या बाजूचा. राहिली होती ती एकच गोष्ट. नयना खटावकरनं स्वतःच्या तोंडानं, ज्या बायकांसमोर माझ्या बहिणीला चोर म्हटलं त्यांच्याचसमोर, त्या डब्यात काय होतं ते सांगायचं. मला दुसरं काही नको होतं. लोक ह्याला न्याय म्हणतील, मी सूडच म्हणते. सूड म्हणायला मला कधी लाज वाटली नाही.

मी तिचं सामान कुटायचं बंद केलं नाही. शेजारणी म्हणाल्या, रत्ना, तू अजून तिचं काम घेतेस? मी म्हटलं, धंदा आहे बाई. ती आली की मी हसून बोलायचे. माझे हात किती शिवशिवायचे ते माझं मला ठाऊक.

मग मार्गशीर्षात एक दिवस सुमनकाकू मिणचेकर शिकेकाई घेऊन आल्या. माझ्या जुन्या गिऱ्हाईक, तोंडानं फटकळ पण मनानं स्वच्छ. बरोबर नवी सून होती. तुळशीचं लग्न झाल्या झाल्या त्यांच्या मुलाचं लग्न झालं होतं.

"ही आमची प्रांजल," काकू म्हणाल्या. "खटावकर मॅडमची मुलगी."

गोरी, गोल चेहऱ्याची, लाजरी पोर. आईसारखी एक रेघ तिच्यात नव्हती. काकू पलीकडे दळणाला गेल्या तेव्हा ती माझ्याजवळ आली.

"मावशी, आईचं चूर्ण तुम्हीच कुटता ना?"

"हो. का गं?"

"मला थोडं द्याल? इकडे सगळ्या बारीक आहेत. माझी जाऊ तर मला गुलाबजाम म्हणते." हसत म्हणाली, पण डोळे भरले होते. "आईकडे मागितलं तर ती हातच लावू देत नाही. लग्नाआधी एकदा मी डबा उघडला होता, तर थोबाडीत मारली मला. आयुष्यात पहिल्यांदा मारलं. म्हणाली, परत ह्या डब्यांना शिवलीस तर बघ."

माझ्या हातातली चाळण तशीच राहिली. इतके दिवस मला संशय होता. आता खात्री पटली. बाईला सगळं माहीत होतं. सबंध गावाला पाजत होती आणि स्वतःच्या लेकीला शिवू देत नव्हती.

"दोन दिवसांनी ये," मी म्हटलं. "एकटीच ये."

ती आली. मी हिरव्या झाकणाचा डबा तिच्या पिशवीत ठेवला.

"रोज सकाळी एक चमचा, कोमट पाण्यातून. आठवड्यानं दोन. सासूबाईंना सांगितलंस तरी चालेल. आईला मात्र सांगू नकोस. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर सांग. तिच्या लेकीनं तिचं औषध घेतलं म्हटल्यावर किती अभिमान वाटेल तिला."

पोर खूश होऊन गेली. माझे मालक गल्ल्यावर बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"कुणाची गं ती?"

"नयना खटावकरची."

त्यांनी गल्ल्याचा खण बंद केला. "रत्ना, पोरीचा काय दोष?"

"शकूचा काय होता?"

त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी नीट बोलले नाहीत. मीही खुलासा केला नाही.

संक्रांत झाली आणि रथसप्तमीच्या आधी मिणचेकरांकडे हळदीकुंकू निघालं. प्रांजलची पहिली संक्रांत. काळी चंद्रकळा, अंगभर हलव्याचे दागिने, मुकुटापासून बाजूबंदापर्यंत. ते दागिने एरवी सासरचे करतात, पण हे नयनानं हौसेनं आणले होते. आणि वाणही तिनंच आणलं होतं. दोन खोकी भरून हिरव्या झाकणाचे डबे. लेकीच्या हळदीकुंकवात धंदा करायची अक्कल फक्त तिलाच.

"वाट्या-डबे काय सगळेच लुटतात," ती हळद लावून घेत प्रत्येकीला सांगत होती. "मी आरोग्य लुटायला आणलंय."

हॉल गच्च भरला होता. शकूच्या बाराव्याला माजघरात बसलेल्या जवळजवळ सगळ्या बायका होत्या. मी मुद्दाम उशिरा गेले. सुमनकाकूंच्या स्वयंपाकघरात गेले, कोमट पाणी घेतलं, प्रांजलच्या फडताळातला डबा काढला, दोन चमचे पूड कालवली आणि ग्लास घेऊन बाहेर आले.

"मॅडम, सगळ्या सवाष्णींना दिलंत. नव्या नवरीला नाही दिलंत?"

"तिला काय गरज?" नयना हसली. "माझी मुलगी आहे ती."

"असं कसं विहीणबाई?" सुमनकाकू म्हणाल्या. "घरचं औषध आणि घरच्याच पोरीला नाही?"

प्रांजल लाजत पुढं आली. हलव्याचा हार सावरत म्हणाली, "आई, तुला एक सांगायचं होतं. मी घेतेय."

"काय घेतेस?"

"तुझं चूर्ण. मार्गशीर्षापासून. आधी एक चमचा घ्यायची, आता दोन. हिरव्या झाकणाचा तुझाच डबा रत्नामावशींनी दिला."

नयनानं माझ्याकडे बघितलं. तोंडावरचं हसू होतं तिथंच होतं, फक्त त्याच्यामागचं माणूस निघून गेलं होतं.

"आजचं राहिलंय तिचं," मी म्हटलं. "म्हणून कालवून आणलं. घे गं."

"नको, आत्ता नको," नयना म्हणाली. "तिळगूळ खाल्लाय तिनं. उपाशीपोटी घ्यायचं असतं."

"शकूला तर तुम्ही दिवसातून तीनदा घे म्हणाला होतात."

"तो विषय आज कशाला, रत्नाताई?"

"बरं, नाही काढत. प्रांजल, छाती धडधडते का गं कधी?"

पोरीनं विचार केला. "धडधडते की. काल जिना चढताना केवढी धडधडली. आणि आज सकाळी कुंकू लावताना हात कापत होता."

नयनाच्या हातातली हळदीची कोयरी कलली. हळद तिच्या साडीवर सांडली, तिला कळलंसुद्धा नाही.

"कापू दे," मी म्हटलं. "घाबरायचं नाही. अंगातलं विष बाहेर पडतंय. हे माझं नाही हं, तुझ्या आईचंच सांगणं आहे. आत्ता सोडलंस तर दुप्पट वाढेल. पी."

प्रांजलनं ग्लास घेतला. नयनानं तिचं मनगट धरलं.

"पिऊ नको."

"का?" मी विचारलं.

"नको म्हटलं ना. तिला सोसायचं नाही."

"इथं बसलेल्या सगळ्यांना सोसतं. निव्वळ नैसर्गिक आहे, डब्यावर छापलंय तुम्ही."

"आई, सोड ना हात," प्रांजल हळूच म्हणाली. "सगळ्या बघतायत." तिनं दुसऱ्या हातात ग्लास घेतला आणि ओठाला लावला.

"गोळ्या आहेत त्यात," नयना म्हणाली. आवाज कुठून आला तिचा, देव जाणे. "थायरॉईडच्या गोळ्या कुटून घातल्यात मी. ठेव तो ग्लास. ठेव म्हणते ना. किती दिवस घेतेस? नक्की दोनच चमचे ना? चल, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल. डॉक्टरांना मी सगळं सांगते."

हॉलमध्ये कुणी हलेना. एक लहान मुलगी तिळाचा लाडू कुडुम कुडुम खात होती, तेवढाच आवाज.

"आणि शकूचे हात कापत होते, तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला?" मी विचारलं.

"रत्नाताई, मला आधी पोरीला घेऊन जाऊ द्या. पाया पडते."

"ठाऊक होतं का?"

"होतं."

"ती चोरून खात होती?"

तिनं मान हलवली.

"मान नको. बाराव्याला तोंड चांगलं चाललं होतं तुमचं."

"नव्हती खात," नयना म्हणाली. "चोरून काही खात नव्हती ती. मला काहीतरी कारण सांगायला पाहिजे होतं, म्हणून मी बोलले."

"मागच्यांना ऐकू नाही आलं."

"शकुंतला चोरून खात नव्हती." ह्या वेळी ओरडलीच ती. मग लेकीच्या दंडाला धरून ओढायला लागली. हलव्याचा बाजूबंद तुटला आणि दाणे फरशीवर सांडले.

मी प्रांजलच्या हातातला ग्लास घेतला आणि सगळ्यांसमोर घटाघटा रिकामा केला. कडू होता. तोंड पुसलं.

"मेथी, जिरं, ओवा, हिरडा, बेहडा, आवळा. तुमचाच डबा, तुमच्या गुरुवारच्या एकीकडून मागून आणलेला, पण तुमची पूड मी गटारात ओतली आणि माझ्या कांडपातली ताजी भरली. महिनाभर पोरीनं तेच घेतलंय. काही झालेलं नाही तिला. आणि धडधडीचं म्हणाल तर नव्या घरात कुठल्या सुनेला धडधडत नाही?"

नयना मटकन खाली बसली.

"माझ्या पोरीच्या जिवाशी खेळलात तुम्ही."

"मी मेथीशी खेळले. जिवाशी तुम्ही खेळलात."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला जे वाटलं ते आनंदाच्या जवळचंच होतं. पोटात गार पडलं माझ्या. महिनोन्महिने गिळलेलं सगळं त्या कडू घोटाबरोबर खाली गेलं.

पण अजून एक बाकी होतं, आणि ते मी ठरवलेलं नव्हतं. प्रांजल आईसमोर उभी होती. तोंड पांढरं फटक.

"आई, मला शिवू देत नव्हतीस तू. मारलंस मला."

"तुझ्यासाठीच ना गं."

"मग ह्यांच्या बहिणीला कसं दिलंस?"

नयनानं वर बघितलं. खरोखरच तिला प्रश्न कळला नव्हता.

"ती काय माझी मुलगी होती?"

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ही म्हण मी हजारदा वापरली असेल, हसत हसत. त्या दिवशी ती समोर बसलेली बघितली. मला वाटलं होतं नयना पश्चात्तापानं मोडली. ती लेकीच्या भीतीनं मोडली होती. शकू तिच्या हिशेबात कधी माणूस नव्हतीच.

सुमनकाकू उठल्या. मघाशी मिळालेला डबा त्यांनी नयनाच्या पुढ्यात ठेवला. वाण परत करत नाहीत आमच्याकडे, कितीही नावडतं असलं तरी पदर पुढं करून घेतात. पण काकूंनी ठेवला, मग त्यांच्या शेजारणीनं ठेवला, मग एकेक करत सगळ्या आल्या. कुणी तिला शिवी दिली नाही. बाराव्याला 'खाण्यावर ताबा पाहिजे' म्हणणारी बाई माझ्यासमोर थांबली, माझ्या पायाला हात लावायला वाकली. मी पाय मागं घेतले.

ते डबे पुढं सुमनकाकूंनीच तपासायला पाठवले, तक्रारही त्यांनीच केली. व्हायचं ते कोर्टात झालं. खटावकर बंगला विकून गाव सोडून गेले. प्रांजल मिणचेकरांकडेच राहिली. ती माझ्याकडे मसाला कुटायला येते, मला मावशी म्हणते, पण त्या दिवसाचा विषय ती काढत नाही आणि मीही काढत नाही. तिच्या आईला तिच्यासमोर उघडं केलं ह्याचं वाईट वाटतं का, असं मालकांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, नाही. अजूनही नाहीच.

हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी मात्र एक झालं. दुपारची वेळ, कांडप भरात चालू, मिरचीनं सगळ्यांची नाकं गळतायत, आणि अण्णासाहेब आला. बाराव्यानंतर पहिल्यांदाच. दाराशी मिरचीची पोती रचली होती, त्यातल्या एकावर बसला. मी यंत्र बंद केलं.

"अक्का, खरंच म्हणाली ती? सगळ्यांसमोर?"

"म्हणाली."

"चोरून खात नव्हती म्हणून?"

"दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा ओरडून."

त्यानं तोंडावर हात घेतले. मला वाटलं मिरचीनं डोळे झोंबले असतील, पण खांदे हलत होते.

"मॅडमनी मला आषाढातच सांगितलं होतं, अक्का. लक्ष ठेवा, खातात त्या चोरून. मी लाडवाचे डबे कपाटात ठेवून कुलूप घातलं. किल्ली माझ्या खिशात. ती काही बोलली नाही. गेली त्या दिवशी सकाळी भाकरी करताना म्हणाली, अहो, फार भूक लागलीय, पहिली भाकरी मी खाऊ का? मी म्हटलं, खा की, चोरून खाण्यापेक्षा समोर खा." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "नाही खाल्ली तिनं. माझ्या ताटात वाढली."

नयना खटावकरवर ओतून संपला असं वाटलेला माझा सगळा राग तिथंच होता, जरासुद्धा कमी झाला नव्हता. तीस वर्षं संसार केला होता त्यानं तिच्याबरोबर, आणि परक्या बाईच्या एका शब्दावर त्यानं तिच्या तोंडचं खाणं कुलपात ठेवलं. आणि ती उपाशीपोटी गेली, चोर म्हणून.

"अक्का, काहीतरी बोला," तो म्हणाला. "शिव्या तरी द्या."

शिव्यांनी त्याला बरं वाटलं असतं. म्हणून दिल्या नाहीत. पाणीसुद्धा विचारलं नाही.

"अण्णासाहेब, उठा," मी म्हटलं. "त्या पोत्यात गिऱ्हाइकाच्या मिरच्या आहेत."

आणि मी यंत्र चालू केलं.